औरंगजेबाची दुसरी दख्खन सुभेदारी (१६५२–५८): कागदावर साडेतीन कोटी, तरी खजिना रिता का?

परळचा_वाचक:
दादरच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात औरंगजेबाची शहाजादा असतानाची कारकीर्द घेतोय. बादशहा झाल्यावरची नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. शाहजहानचा मुलगा म्हणून तो दोनदा दख्खनचा सुभेदार होता, १६३६ ते १६४४ आणि १६५२ ते १६५८. दुसऱ्या खेपेबद्दल वाचताना काही गोष्टी अडल्या.

सुभ्याची जमा ३ कोटी ६२ लाख रुपये आणि हाती येणारा वसूल जेमतेम १ कोटी, असं सगळीकडे लिहिलेलं आहे. दोन कोटी साठ लाख गेले कुठे? खाल्ले कोणी? दुसरं, औरंगजेबाचा दिवाण (महसूल अधिकारी) मुर्शिद कुली खान याच्या धाऱ्याचं, म्हणजे सारा बसवायच्या पद्धतीचं, नाव प्रत्येक जण घेतो, पण शेतकऱ्याकडून नेमकं किती आणि कसं घ्यायचे ते कोणी सांगत नाही. तिसरं, एका ठिकाणी १६५७ मध्ये कल्याण औरंगजेबाने घेतलं असं आहे, दुसरीकडे त्याच वर्षी महाराजांनी घेतलं असं. दोन्ही खरं कसं?
जाताजाता, मुंबईच्या जवळपास या काळाशी संबंधित काही बघण्यासारखं असेल तर तेही सांगा.

कागदवाचक:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ते दोन कोटी साठ लाख कोणी खाल्ले नाहीत. ते नव्हतेच.

जमा म्हणजे मिळालेले पैसे नव्हेत. सुभ्यातून इतकं यायला हवं असा तो दरबारी अंदाज. तो दामांत मांडायचे, ४० दाम म्हणजे १ रुपया. १६३६ मध्ये निजामशाही संपली तेव्हा खानदेश, वऱ्हाड, तेलंगण आणि दौलताबाद या चार सुभ्यांची मिळून जमा २०० कोटी दाम, म्हणजे ५ कोटी रुपये लिहिली गेली. सोबत ६४ किल्ले, त्यातले ५३ डोंगरी. हा आकडा धरला तेव्हा मुलूख कसा होता ते बघा: १६३०–३२ चा भयंकर दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, त्याआधी आणि नंतर वर्षानुवर्षं लढाया, गावंच्या गावं उठून गेलेली. पुढे आकडा उतरत ३ कोटी ६२ लाखांवर आला, तोही फुगलेलाच.

त्याचा परिणाम पगारांवर होतो. मनसबदाराचा (दर्जाप्रमाणे फौज बाळगणाऱ्या मोगल सरदाराचा) पगार १२ लाख असेल तर त्याला १२ लाख जमेची जहागीर देतात. वसूल जमेच्या चौथाईइतकाच असेल तर हाती येतात ३ लाख, म्हणजे वर्षाच्या पगारापैकी तीन महिन्यांचे. म्हणून जहागिरींना सहमाही, चौमाही अशी मापं लावायचे. तुमचेच आकडे घ्या: १ भागिले ३.६२ गुणिले १२, उत्तर ३.३. अख्खा सुभा सरासरीने तीनमाहीवर चाललेला!

आता फौज. शाहजहानच्या नियमाप्रमाणे जहागीर आणि नोकरी एकाच सुभ्यात असेल तर सवार दर्जाच्या (मनसबीत नेमून दिलेला स्वारांचा आकडा) एक तृतीयांश स्वार ठेवायचे, जहागीर दुसऱ्या सुभ्यात असेल तर एक चतुर्थांश. म्हणजे ३००० सवारचा सरदार १००० स्वार आणणार. पण माही कमी झाली की त्या हजारातही सवलत मिळायची. कागदावर मोठी दिसणारी दख्खनची फौज मैदानात अर्धीमुर्धी का असायची, त्याचं मूळ इथे आहे.

यात १६४४ ते १६५२ ची आठ वर्षं मिळवा. पहिल्या खेपेला औरंगजेब गेल्यावर खान-ए-दौरान, मग तात्पुरते जयसिंग, मग इस्लाम खान, शाहनवाज खान, शहाजादा मुराद आणि शाएस्ता खान. आठ वर्षांत सहा सुभेदार. उद्या बदली होणाऱ्याला विहिरी आणि बांधबंदिस्ती यांत काय गोडी? मिळेल तितकं ओरबाडायचं आणि निघायचं.

औरंगजेब जानेवारी १६५३ मध्ये बुऱ्हाणपूरला पोहोचला तेव्हा हिशेब असा होता: रोख पगार, तोफखाना आणि किरकोळ खर्च भागवून वर्षाला २० लाख ३६ हजारांची तूट. ती दौलताबाद आणि आशेरीगडच्या शिलकीतून भरायची. (आशेरी म्हणजे बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड. पालघरचा अशेरीगड वेगळा, गटात कोणीतरी हमखास घोळ घालेल.)

नांगरधारी:
धाऱ्याबद्दल मी लिहितो.

मुर्शिद कुली खान मूळचा खुरासानचा, कंदाहार मोगलांच्या हवाली करणाऱ्या अली मर्दान खानासोबत हिंदुस्थानात आलेला. बंगालचा मुर्शिद कुली खान तो हा नव्हे, तो पुढच्या पिढीतला. या सुभ्याचे महसुलासाठी दोन भाग होते: पाईनघाट म्हणजे खानदेश आणि अर्धा वऱ्हाड, बाकी सगळा बालाघाट. मुर्शिद कुली आधी फक्त बालाघाटचा दिवाण होता, पाईनघाट मुल्तफत खानाकडे. १६५६ च्या सुरुवातीपासून दोन्ही त्याच्याकडे आले.

त्याने एकच पद्धत सगळीकडे दामटली नाही, यातच त्याची हुशारी. तीन पद्धती ठेवल्या.

मागास, विरळ वस्तीच्या भागात नांगरावर ठोक रक्कम. एक नांगर, एक बैलजोडी, वर्षाला इतके रुपये. काय पेरलं, किती पिकलं हे विचारायचं नाही. इथली जुनी चाल हीच होती आणि ती त्याने मोडली नाही. सरकारला यात कमी मिळतं, पण माणूस टिकतो आणि नुसत्या नांगरांच्या मोजणीवर काम भागतं.

दुसरी बटाई, म्हणजे पिकाचीच वाटणी. पावसावरच्या पिकाला निम्मा वाटा. विहिरीवरच्या धान्याला सरकारचा एक तृतीयांश, रयतेचा दोन तृतीयांश. ऊस, द्राक्षं अशा जास्त पाण्याच्या आणि जास्त काळ उभ्या राहणाऱ्या पिकांना नवव्या हिश्श्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत. पाटाच्या पाण्याला आणखी वेगळे दर. म्हणजे १०० मण ज्वारी पावसावर पिकली तर ५० मण सरकारचे. तेवढाच गहू विहिरीवर काढला तर ३३. उसाला ११ ते २५. वरवर हे उलटं वाटतं, बागायतदाराला सूट कशाला? पण विहीर खणायची, मोट आणि बैल ठेवायचे, राबणाऱ्यांना पोसायचं, हा खर्च शेतकऱ्याचा. त्याच्याकडूनही निम्मं घेतलं असतं तर कोणी विहीर खणली नसती. वाटा असा उतरता ठेवण्यामागे नवं पाणी निघावं हाच हेतू होता.

तिसरी जरीब, म्हणजे जमीन मोजून बिघ्यामागे रोख दर. पेरणीपासून कापणीपर्यंत पिकाचा कस बघायचा, बाजारभाव बघायचा, पेरलेलं क्षेत्र मोजायचं आणि मग रक्कम ठरवायची. ही अकबराच्या दिवाणाची, तोडरमलाची, उत्तरेतली रीत.

बिघडायचं कुठे? बटाईत खळ्यावर. मळणी होईपर्यंत प्रत्येक खळ्यावर सरकारी माणूस बसवावा लागतो. त्याचा पगार वाट्यातून जातो, आणि तो फितला तर वाटाही जातो. जरिबीत सगळी भिस्त अमिनावर, म्हणजे आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्यावर. मोजणीची साखळी कुठून धरायची, पडीक तुकडा धरायचा की सोडायचा, हे तोच ठरवणार. म्हणून मुर्शिद कुलीने अमीन आणि मोजणीदार पारखून नेमले, आणि नाजूक ठिकाणी साखळीचं टोक तो स्वतः धरायचा असं बखरकार सांगतात.

धाऱ्याइतकीच महत्त्वाची गोष्ट तगाई. उठून गेलेल्या गावात आधी मुकादम (गावाचा प्रमुख) नेमायचा, मग बैल, बियाणं यासाठी सरकारातून उसने पैसे द्यायचे आणि सुगीला हप्त्यांनी परत घ्यायचे. शेतकरीच नसेल तर धारा बसवणार कोणावर?

एक मात्र सांगतो, हे सगळं औरंगजेबाच्या खात्यावर टाकू नका. जमीन पाहून धारा ठरवायचं काम इथे मलिक अंबरने आधीच केलं होतं, १६२६ मध्ये तो वारल्यावर घडी विस्कटली. मुर्शिद कुलीला इन मिन पाच वर्षं मिळाली. एप्रिल १६५८ मध्ये धर्मातच्या लढाईत तो मारला गेला.

कागदवाचक:
@नांगरधारी, बाकी सगळं मान्य, पण औरंगजेबाला श्रेयच नाही हे जरा जास्त होतंय. दिवाणाला पाठीशी घालायला सुभेदार लागतो. नापीक जहागिरी बदलून द्या, अशी त्याने बापाकडे वारंवार मागणी केली, आणि दरबारातून उत्तर काय यायचं? चांगली गावं तू स्वतःसाठी उचलतोस. बुऱ्हाणपूरला नऊ महिने थांबला तर दौलताबादला का जात नाहीस म्हणून टोचणी. बुऱ्हाणपूरला बादशहाच्या आवडीचं एक आंब्याचं झाड होतं. त्याचे आंबे कमी आणि खराब का पोहोचले, यावरूनही शाहजहानने मुलाला धारेवर धरलं. सुभ्याची तूट वीस लाखांची आणि पत्रं आंब्यांची! थोरला भाऊ दारा दरबारात बापाशेजारी, हा हजार मैलांवर, त्यामुळे याच्या प्रत्येक मागणीकडे संशयाने बघायचे.

नांगरधारी:
दारा वगैरे ठीक, पण बापाचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. कमी मनसबीच्या सरदारांच्या पिकत्या जहागिरी काढून आपल्याकडे घ्यायचा प्रस्ताव खुद्द औरंगजेबाचाच होता. तूट भरायला तो दुसऱ्याच्या ताटातलं मागत होता. त्या सरदारांनी स्वार कशावर ठेवायचे?

खंदक:
तूट भरायची दुसरी वाट म्हणजे शेजारी. गोवळकोंडा आणि विजापूरच्या मोहिमा नुसत्या महत्त्वाकांक्षेच्या होत्या असं मी म्हणणार नाही, आणि नुसत्या गरजेच्याही नाहीत. होनाचं (सोन्याच्या नाण्याचं) प्रकरण बघा म्हणजे दोन्ही दिसेल.

१६३६ च्या तहाने कुतुबशहाने वर्षाला २ लाख होन पेशकश (खंडणी) द्यायची ठरली. तेव्हा होन ४ रुपयांचा, म्हणजे ८ लाख रुपये. पुढे होन साडेचार आणि मग ५ रुपयांवर गेला. कुतुबशहा ८ लाखच देत राहिला. औरंगजेबाने मागच्या सगळ्या वर्षांचा फरक काढून २० लाखांचं बिल पुढे केलं. हिशेबाने मागणी बरोबर. पण मागणी अशा बेताने केली की ती पुरी होऊच नये.

त्यात मीर जुमला आला. कुतुबशहाचा वजीर, कर्नाटकात स्वतःचं राज्यच थाटून बसलेला. नोव्हेंबर १६५५ मध्ये त्याचा मुलगा मुहम्मद अमीन गोवळकोंड्यात कैद झाला आणि औरंगजेबाला निमित्त मिळालं. जानेवारी १६५६ मध्ये औरंगजेबाचा थोरला मुलगा मुहम्मद सुलतान हैदराबादेत घुसला, फेब्रुवारीत गोवळकोंड्याला वेढा, आणि ३० मार्चला दिल्लीच्या हुकुमाने वेढा उठवावा लागला. पदरात काय पडलं? एक कोटीचा दंड कबूल, रामगीरचा मुलूख, आणि मुहम्मद सुलतानचं कुतुबशहाच्या मुलीशी लग्न. राज्य मात्र हातचं गेलं.

विजापूरची गोष्ट त्याच वळणाची. ४ नोव्हेंबर १६५६ ला मुहम्मद आदिलशहा वारला, गादीवर अठरा वर्षांचा अली. जानेवारी १६५७ मध्ये मीर जुमला औरंगाबादेत येऊन मिळाला आणि दोघे बीदरवर गेले.

बीदर जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे किल्ला कसा पडतो ते दिसतं. घेर ४५०० यार्ड, भिंत १२ यार्ड उंच, तिच्याभोवती कातळात खोदलेले तीन खंदक, २५ यार्ड रुंद आणि १५ यार्ड खोल. आत सिद्दी मर्जान, १००० स्वार, ४००० पायदळ. असा खंदक पाण्याने नाही, दगडाने अडवतो. सुरुंग लावायला जागा नाही, भराव घालायचा तर तोफांच्या माऱ्याखाली घालावा लागतो. मीर जुमल्याने दोन दिवसांत तोफा खंदकाच्या काठाशी नेल्या. दोन बुरूज ढासळले, आणि हल्ल्याच्या दिवशी मोगलांचा एक बाण बुरुजामागच्या दारूगोळ्याच्या खड्ड्यात पडला. (बाण म्हणजे दारूचा बाण, अग्निबाण.) स्फोटात मर्जान आणि त्याची मुलं भाजली आणि सत्ताविसाव्या दिवशी किल्ला पडला. आत १२ लाख रोख, ८ लाखांचा दारूगोळा वगैरे सामान आणि २३० तोफा मिळाल्या. दारूचा साठा लढायच्या जागेला इतका चिकटून ठेवला नसता तर वेढा पावसाळ्यापर्यंत लांबला असता.

त्यानंतर कल्याणी, ती ऑगस्टच्या सुरुवातीला शरण आली. मग पुन्हा दिल्लीचा हुकूम: तह करा. आदिलशाहीने बीदर, कल्याणी, परांडा, वांगी परगणा आणि कोकणातले जुने निजामशाही किल्ले सोडायचे, वर दंड. परांड्याच्या किल्लेदाराने किल्ला दिलाच नाही. आणि ६ सप्टेंबरला शाहजहान आजारी पडला, त्यामुळे तहाची बजावणी बघायला कोणाला सवड राहिली नाही.

ठाण्यापलीकडे:
आता कल्याण. @परळचा_वाचक, दोन्ही खरं आहे, गावं वेगळी आहेत. औरंगजेबाने घेतलं ते कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यात, चालुक्यांची जुनी राजधानी. महाराजांनी घेतलं ते आपलं खाडीवरचं कल्याण. मराठी पुस्तकांतसुद्धा दोन्ही नावं एकाच पानावर 'कल्याण' म्हणून छापलेली सापडतात. मजकुरात शेजारी बीदर असेल तर बसवकल्याण, भिवंडी असेल तर मध्य रेल्वेचं.

आपल्या कल्याणची गोष्ट १६३६ पासून धरावी लागते. शहाजीराजे त्या वर्षी माहुली किल्ल्यावर मोगल आणि आदिलशहा यांच्या फौजांपुढे शरण आले. निजामशाहीची वाटणी झाली तेव्हा उत्तर कोकण आदिलशहाच्या वाट्याला गेलं आणि कल्याणला त्याच्या मुल्ला अहमद या अधिकाऱ्याचा अंमल बसला. मुंबई, साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे या भांडणात ती बाहेरच राहिली.

१६५७ चा क्रम नीट लावा. मार्चअखेर बीदर पडलं. एप्रिलच्या शेवटी, मोगल फौजा कल्याणीकडे गुंतल्या असताना महाराजांनी रात्री दोरांच्या शिड्या लावून जुन्नर लुटलं: ३ लाख होन रोख, २०० घोडे, शिवाय कापड आणि जवाहीर. मिनाजी भोसले आणि काशी यांनी भीमेपलीकडे चांभारगोंदा, राशीनपर्यंत धुमाकूळ घातला. औरंगजेबाने नसिरी खानाला पाठवलं, उलट पुणे-चाकणची गावं जाळायचे हुकूम दिले, पण जूनमध्ये पाऊस लागला आणि सगळं थांबलं. मग तह, मग शाहजहानचं आजारपण. ऑक्टोबरच्या शेवटी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं, जानेवारी १६५८ मध्ये माहुली.

बघा, तहाच्या कागदाप्रमाणे कोकणातले ते किल्ले आदिलशहाने औरंगजेबाला दिले होते. आदिलशहाचा माणूस तिथून हलला, औरंगजेबाचा पोहोचला नाही. मधल्या काही आठवड्यांत मुलूख तिसऱ्याच्याच हाती गेला. ५ फेब्रुवारी १६५८ ला औरंगजेब तख्ताच्या लढाईसाठी औरंगाबादेतून निघाला. मोगलांनी कल्याण परत घेतलं ते मे १६६१ मध्ये.

जव्हारही विसरू नका. १६५५ च्या शेवटी औरंगजेबाने बिकानेरच्या राव कर्णाला तिकडे धाडलं. जानेवारी १६५६ मध्ये तिथला राजा श्रीपत शरण आला, खंडणी दिली आणि मुलगा ओलीस ठेवला. मोगलांचा हात आपल्या बाजूला इतक्या जवळ आला होता, हे ठाणे-पालघरच्या लोकांनाही माहीत नसतं.

परळचा_वाचक:
कल्याणी-कल्याणचा गुंता सुटला. तारखांचं एक विचारतो: सामूगढची (औरंगजेब आणि दारा यांची) लढाई कुठे २९ मे १६५८ आहे, कुठे ८ जून. छापायची चूक का?

कागदवाचक:
चूक नाही. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या तारखा आणि आजच्या यांत सतराव्या शतकात १० दिवसांचा फरक पडतो. २९ मे जुनी, ८ जून नवी. औरंगजेबाचा जन्मही म्हणूनच कुठे २४ ऑक्टोबर १६१८ (दाहोद), कुठे ३ नोव्हेंबर. या धाग्यात वर दिलेल्या तारखा बहुतेक जुन्या पद्धतीच्या आहेत. गटासाठी तक्ता करणार असाल तर एकच पद्धत धरा आणि वरती लिहून ठेवा, नाहीतर लढाई आधी आणि कूच नंतर असलं काहीतरी होईल.

ठाण्यापलीकडे:
बघण्याबद्दल: माहुलीला आसनगाव स्टेशन, कसाऱ्याकडे जाणारी किंवा आसनगाव गाडी पकडा, कल्याणनंतर कर्जतची लाइन वेगळी होते. पायथ्याचं माहुली गाव स्टेशनपासून रिक्षाने. चढ दमवणारा आहे, शेवटी लोखंडी शिडी, आणि माथ्यावर रान इतकं दाट की अवशेष शोधावे लागतात. तीन जोडकिल्ले आहेत: पळसगड, माहुली, भंडारगड. एका दिवसात तिन्ही होत नाहीत, मधला धरा. पावसाळा संपल्यावर जा, पाणी भरपूर बरोबर घ्या. कल्याणात दुर्गाडी आहे, पण तो महाराजांनी कल्याण घेतल्यानंतरचा. १६५७ पूर्वीचं काही दाखवतो म्हणून गटाला तिथे नेऊ नका.

खंदक:
आणि दोन दिवस काढता आले तर बसवकल्याणही करा. सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढे रस्ता. कल्याणीचा किल्ला आत जाऊन बघता येतो, बीदर तिथून पुढे. बीदरला दर्शनी दरवाजा बघून परत फिरू नका. तटावरून खाली बघत कडेकडेने चाला, कातळात खोदलेल्या तिन्ही खंदकांच्या मध्ये ठेवलेल्या दगडी भिंती स्पष्ट दिसतात.